इतर : एक

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात रकाने आहेत :
गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबड्या,
आणि शेवटी, अरुंद, इतर.
सोळा वर्षांत त्या रकान्यात मी
एक माकड लिहिलं, आणि एकदा पोलीस पाटलाचा पोपट.

बीटगार्ड प्रणिता कोवे चपलांचा खोका घेऊन आली.
"पोरं गोटे मारत व्हते. घोयरा हाय, आता दिसत नाई कुठी.
पंचनामा झाला. पाय बरा झाला का सोडू."
खोक्यात मुठीएवढा राग.
फुगला, फुस्स केलं, काळपट पडला,
एक डोळा माझ्यावर ठेवला, दुसरा छपरावर.

मी व्रणोपचारक. माझे हात बैलाच्या जबड्याचे,
बांबूच्या नळीनं गोडेतेल पाजणारे,
अडलेल्या गाईत कोपरापर्यंत जाणारे.
ह्याचं वजन इंजेक्शनच्या बाटलीहून कमी.
ह्याला काय, सरकी ढेप भिजवून घालू?

वाटीतलं पाणी तो पाणी मानत नाही.
सलाईनची रिकामी बाटली साध्या पाण्यानं भरली,
खिळ्याला टांगली, खाली सीताफळाची फांदी.
मिनिटाला आठ थेंब.
तिसऱ्या पानावर थेंब थरथरला
तेव्हा कुठं त्यानं पान चाटलं.

खाणं मात्र नाही. चार दिवस.
मेलेलं त्याला दिसतच नाही,
हालेल तेच अन्न.
टाक्याच्या दोऱ्यानं नाकतोडा बांधला, नाचवला.
नाकतोडा लोंबत राहिला.
पराटीच्या धुऱ्यावरचा होता तो,
परवाच्या फवारणीतला.
डब्यातले बाकी अकराही उताणे.

मग जिथं फवारा पोचत नाही अशी जागा
गावभर शोधली.
सोयाबीन नाही, तूर नाही, संत्र्याची बाग तर नाहीच,
शाळेचं पटांगणसुद्धा तणनाशकानं पिवळं.
उरला मसनवटा.
तिथं कुणाचं पीक नाही, म्हणून कुणाचं औषध नाही.
गुडघाभर कुसळी,
आणि पाऊल टाकलं की
लाह्या फुटाव्या तसे नाकतोडे.

रोज साडेपाचला, डबा घेऊन, ओणवा.
गावानं ठरवलं, कंपाउंडर कायतरी शिकून रायला.
बाया पदर सावरून रस्ता सोडू लागल्या.
वामन तिजारेनं हळूच विचारलं,
आकडा सांगता का.

पाचव्या सांजेला त्याचे दोन्ही डोळे
पहिल्यांदाच एका जागी आले.
तो डुलला, मागं, पुढं, वाऱ्यातल्या पानासारखा.
खोलीत वारा नव्हता.
जीभ मी पाहिलीच नाही.
नाकतोडा फांदीवर होता,
मग त्याचे पाय तोंडाबाहेर हलत होते.
मधलं जे काही घडलं
ते माझ्या डोळ्यांच्या वाट्याला आलं नाही.

रजिस्टरात लिहिलं : आहार, नाकतोडा, नग एक.
डॉक्टरसाहेब म्हणाले, अंड्याच्या टरफलाची भुकटी लावा, हाडासाठी.
तेव्हापासून बेसनात घोळलेल्या मिरचीसारखे
नाकतोडे फांदीवर सोडतो
आणि दाराशी जाऊन उभा राहतो.
माझ्यासमोर तो जेवत नाही.

आता थंडी पडलीय. गवत वाळलं,
काल तासाभरात दोनच सापडले.
आज दुपारी गोमाजी नेवारे आला,
बकरी नाही, कोंबडी नाही, हातात तंबाखूची डबी.
"तीन हायेत," म्हणाला. "आमच्या बुडीच्या ओट्यावरचे.
तिथलं गवत म्या कदी कापू देल्लं नाई."
डबी दिली, आणि गेला नाही.
बाकावर बसला. "खाते का?"
"मानूस असलं तं नाई खात."
"बरं," म्हणाला, आणि बसूनच राहिला.

मीही बसलो.
घोयऱ्याचा एक डोळा त्याच्यावर, एक माझ्यावर.
सलाईनचा थेंब. सलाईनचा थेंब.
डबीचं झाकण उघडं होतं.
आम्ही हाललो नाही.
त्या तिघांतला एक हालला.